एवढा एक वाफा भरू दे

…बसूनच तर राह्यलो सकाळपासून! टेशनमास्तरले इचारलं तर म्हणते, गाडी अजून दारव्ह्याहूनच सुटली नाई, लढाईचे दिवस हाय, कोळसा सारा लढाईवर गेला, येईन तवा येईन. बरं बाप्पा. आमी कास्तकार माणसं, पावसाची वाट पाहू पाहू केस पिकले, गाडीची पाहाले काय जाते? पण त्या निंबाखाली ट्रंकेपाशी दोन बाया बसल्या हायेत ना… हळूच पाहा… त्यातली जी माह्याकडं डोळे वटारून पाहून राह्यली ते माही बायको, हौसाबाई. अन् दुसरी, हिरव्या लुगड्याची, गप बसलेली, ते रुख्मिणी वयनी, आमच्या पुंजाजीची बायको. दोघींले नागपूरले न्याचं हाय मले. कायले? नाटक दाखवाले! हसू नका. मी, जानराव, कारंज्याच्या कडंचा कास्तकार, घाट्यावर आलेला हरभरा वाऱ्यावर सोडून दोन बायांले नाटक दाखवाले चाललो, अन् हे सारं कोणापायी? त्या पुंजाजीपायी. कोणाले दारू लागते, कोणाले गंजिफा लागते, ह्या माणसाले वाफा लागला.

तुमी शहरातले दिसता, म्हणून सांगतो. वाफा म्हणजे मातीचं बारकं घर समजा, चारी बाजूनं पाळ, मधात वांग्याची नाईतर कोबीची रोपं. इहिरीवर मोट चालते, पाणी दांडातून वाहत येते, अन् वाफ्याच्या तोंडाशी माणूस कुदळ घेऊन उभा राह्यते. एक वाफा भरला का त्याचं तोंड बांधाचं, दुसऱ्याचं फोडाचं. लक्ष गेलं का वाफा फुटला, रोपं गेली, अन् पाणी शेजाऱ्याच्या वावरात. तो शेजारी म्हणजे मी. पुंजाजीचा मळा अन् माहं वावर, मधात एक बांध. तुमाले सांगतो, पुंजाजीसारखा पाणी ओलणारा माणूस कारंज्याच्या बजारात दुसरा नाई. त्याची वांगी पाहाले पायजे होती तुमी. पण त्याले कामावरून उठवाचं म्हणजे… मी बांधावरून आवाज देवो, "पुंजाजी, चाल, बैठक बसली हाय चावडीवर." तो वर नाई पाहात. म्हणते, "एवढा एक वाफा भरू दे."

एवढा एक! त्याच्यामागं अजून एक, त्याच्यामागं अजून एक. थोरल्या लेकीच्या बारशाले बायांनी पाळणा हलवला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, अन् मंग हा आला, पायाले गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणते, "काय नाव ठेवलं?" सासरा आजारी पडला, निरोप आला. एवढा एक वाफा भरू दे. सासरा बिचारा चांगला माणूस, थांबला दोन दिवस, नाई असं नाई. मंग नाई थांबला.

हो हो, आलो! …काई नाई, हौसाबाई म्हणते, ट्रंक उचलून पुढं आणा. गाडीचा पत्ता नाई अन् ट्रंक पुढं आणा! ऐकून राह्यलो ना, एवढी गोष्ट होऊ दे. तर काय सांगत होतो?

हं. रुख्मिणी वयनीचं. लग्नाले तीन-चार वर्सं झाली असतीन, तवा कारंज्यात एक नाटक कंपनी आली. जिनिंगाजवळच्या मैदानात तंबू ठोकला. बायाइले बसाले आडपडद्याची जागा केली होती, साऱ्या आळीच्या बाया निघाल्या. वयनीनं दिवसभर काम उरकलं, तोंड धुतलं, ठसठशीत कुंकू लावलं, अन् बांधावर येऊन उभी राह्यली. पुंजाजी म्हणते, "आलोच. एवढा एक वाफा भरू दे." ते उभीच. तिकडं तंबूत पेटी वाजाले लागली, वारा कारंज्याकडून होता, मळ्यात सूर ऐकू ये. वयनीनं पेटी ऐकली, नाटक नाई पाह्यलं. मंग तिनं लुगडं खोचलं अन् पाण्यात उतरली, दुसऱ्या कुदळीनं वाफे बांधू लागली. पुंजाजीले वाईट वाटलं हो, नाई वाटलं असं नाई. म्हणे, "पुढच्या साली तुले नागपूरले नेतो. तंबूत काय पाहाचं? मोठं थेटर, मोठा पडदा, तठी दाखवतो." वयनी काई नाई बोलली. तेच तर झालं! भांडली असती, भांडी आपटली असती, तर सुटला असता पुंजाजी. आमची हौसाबाई असती तर मोटेच्या नाड्यानं बांधून नेला असता. वयनी बोलेच ना. अन् पुंजाजीचं साल सरे, पुढचं ये, त्याच्या पुढचं ये. बारा वर्सं झाली.

मंग लढाईच्या आधी, दोन वर्सं आधी धरा, वयनीचा मावसभाऊ रामकिसन, तो नागपूरले कपड्याच्या गिरणीत हाय, त्याचं कार्ड आलं. रविवारी दुपारी चारले खेळ हाय, थेटरातल्या माणसाशी ओळख काढून दोन तिकिटं घेतली, ताईले घेऊन या, नाई आले तर पुन्हा तोंड दाखवू नका. आता पुंजाजी अडकला. लेकरं आजीपाशी ठेवली. मोट हाकणारा सोमला होता, त्याले आठ दिवस शिकवून राह्यला, कोणत्या वाफ्याले किती, कोणत्याले कमी, दांड कुठी गळते. सोमलाचा बाप मोट हाके, सोमला मोटेवरच वाढला, तो बिचारा मान हलवे. वयनीनं हिरवं लुगडं घेतलं. तेच हे. अजून घडी मोडल्यासारखं वाटते ना? काठाकडं पाहू नका पण. काठाचं मंग सांगतो.

राती गाडीत बसले, सकाळी नागपूर. पहिलं काय, तर अजब बंगला. रामकिसन म्हणे, नागपूरले आलं अन् अजब बंगला नाई पाह्यला तर काय पाह्यलं? भुसा भरलेला वाघ, काचेतले पक्षी, दगडाचे देव, जुन्या तलवारी. वयनी एकेका काचेपाशी थांबे, वाघापाशी तर पदर सावरून उभी राह्यली, जसं काई तो इचारन कुठच्या तुमी म्हणून. अन् पुंजाजी? पुंजाजी खिडकीपाशी! खिडकीतून बाहेरची हिरवळ दिसे, अन् हा पहारेकऱ्याले इचारते, "भाऊ, अठी इहीर कुठी हाय? पाणी कुठून येते ह्या गवताले?" पहारेकरी म्हणे, नळ. हा म्हणते, नळाले मोट कोण हाकते? पहारेकऱ्यानं त्याच्याकडं असं पाह्यलं का, हा माणूस काचेच्या बाहेर कसा राह्यला.

मंग जेवाले. आता इथंच मले राग येते, तुमाले सांगतो. खानावळीत रविवारची जिलबी होती. पाट मांडलेले, रांगोळी घातलेली, वाढप्यानं पान मांडलं, वरणभात, भाजी, कढी, अन् गरम गरम पोळी वरून टाकली. वयनीनं हात लावला नाई. रामकिसन म्हणे, ताई, जेव ना. ते म्हणे, "थांब रे. कोणी वाढून राह्यलं अन् म्या बसली हाय, हे जरासं पाहू दे." सोळा वर्सं चुलीपाशी बसलेली बाई! तिनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, हसली. अन् तेवढ्यात पुंजाजीनं वांग्याची भाजी तोंडात घातली.

झालं ना. म्हणते, "हे वांगं तीन दिवसांचं शिळं हाय. अन् ह्याले गटाराचं पाणी पाजलं." हळू म्हणावं का नाई? पंगतीतले चार लोक खाता खाता थांबले. वाढपी म्हणे, ताजंच आहे हो. हा म्हणते, टोपलं दाखव. अन् खरकट्या हातानं उठला, सैपाकघराच्या दारापर्यंत गेला, आत डोकावून वांगी पाहू लागला! सोवळ्यातला आचारी ओरडला. मालक गल्ल्यावरून उठला, बारीक आवाजात म्हणते, "अहो पाहुणे, आपण जेवायला आलात की बाजार करायला? पान वाढलंय ते जेवा, नाहीतर हात धुवा." पुंजाजीनं हात धुतले. ताठ माणूस! मंग नवरा उठला म्हणल्यावर बायको कशी बसन? वयनीच्या हातात घास होता तो तिनं पानात ठेवला. जिलबीचं ताट घेऊन वाढपी दारातून आतच येऊन राह्यला होता. रामकिसन सांगे, ताईनं जिलबीकडं नाई पाह्यलं, वाढप्याकडं पाह्यलं, अन् त्याले म्हणे, "चांगलं वाढलं भाऊ तुमी."

ते जिलबी पुंजाजीच्या घशात अजून अडकली हाय. त्यानं खाल्ली नाई तरी.

काय? सिग्नल? नाई वं, तो तसाच राह्यते वाकडा, दिवाळीपासून तसाच हाय! बसा तुमी. …रामकिसनची दुपारी घंटाभर कोणाशी भेट होती, तो म्हणे, तुमी दोघं बागात बसा, साडेतीनले थेटराच्या दाराशी या, समोरच हाय, रस्ता ओलांडला का थेटर. कोणता बाग ते नाव नाई सांगत, उगा कोणाच्या माळ्याची अब्रू कायले घ्या. मोठा बाग होता पण. चिंचेखाली दोघं टेकले. पुंजाजीनं कोट काढून फांदीले टांगला, तिकिटं कोटाच्या खिशात. वयनी त्या कोटाकडंच पाहत बसली. पुंजाजीले बी बरं वाटलं. म्हणे, जिलबी थेटरातून निघाल्यावर घेऊ, पुडा बांधून घेऊ. असं म्हणून त्यानं मान फिरवली, अन् त्याले पाणी दिसलं.

तुमाले सांगतो, माणसाचं नशीब बी असं! साऱ्या नागपुरात एवढी जागा, अन् हे दोघं बसले कुठी, तर फुलकोबीच्या रोपाच्या वाफ्यांपाशी. गुलाबसिंग नावाचा उत्तरेकडला परदेशी माळी, मिशा मोठ्या, पाणी सोडून झाडाले टेकून डोळे मिटून बसला होता. एक वाफा तुडुंब, रोपं पोहून राह्यली, बाजूचे वाफे कोरडेठाक. रोपं बोटाएवढी, कालचीच लावलेली. पुंजाजी पहिलं खोकलला. मंग म्हणे, "अवो भाऊ." मंग उठून जवळ गेला. वयनी म्हणे, "जाऊ नका." तो म्हणे, "जातो कुठी? सांगून येतो." सांगाले गेला अन् कुदळ हातात घेऊन आला. गुलाबसिंगानं पाहात पाहात त्याचा हात वळखला. एका फटक्यात पाळ बांधली, एका फटक्यात दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडलं, पाणी कसं, बोलावल्यावानी गेलं. गुलाबसिंग म्हणते, "वाह! आप तो उस्ताद निकले. जरा देखना भैया, मैं बस अभी आया." अन् गेला. चहा प्याले गेला का झोपाले गेला, देवाले ठाऊक. नळाची चावी फिरवाचं लोखंडी दांडकं त्याच्या कमरेले होतं, ते बी संगं गेलं!

आता समजलं का मेख? घरी वाफा भरला का पुंजाजी आवाज देते, "सोमलाऽऽ, मोट थांबव!" सोमला बैल उभे करते, पाणी बंद. अठी नळ. नळाले ना बैल ना सोमला. पाणी येऊनच राह्यलं, येऊनच राह्यलं. तीन वाफे भरले, चार भरले. अन् पुंजाजीनं सवयीनं दिला ना आवाज भर नागपुरात, "सोमलाऽऽ!" बागातले लोक उभे राह्यले. सोमला तिकडं कारंज्यात मोट हाकून राह्यला, त्याले काय ऐकू जाते?

कुठीशी साडेतीनचा टोला पडला. वयनी कोट घेऊन पाण्याच्या कडेले आली. म्हणे, "अवो, चला ना." पुंजाजी म्हणे, हे सोडून गेलो तर सारे वाफे फुटतीन. वयनी कधी म्हणाली नाई ते त्या दिवशी म्हणाली. तिच्या तोंडून बारा वर्सांत पहिल्यांदा निघालं. म्हणे, "वाहू द्या. आपलं हाय का ते? आज एक दिवस वाहू द्या."

आता तुमीच सांगा. माणसानं कुदळ टाकाले नोको? कोणाची कोबी, कोणाचा बाग, उद्या गुलाबसिंगाले काई बोलले असते त्याचे साहेब, बोलू दे! समोर थेटर दिसून राह्यलं, लोक आत जाऊन राह्यले, बायको कोट घेऊन उभी. पुंजाजी मले मंग सांगे, "जानराव, मी टाकणारच होतो. खरं सांगतो. पण रोपं पाह्यली. बोटाएवढी रोपं." अन् त्यानं बायकोकडं पाह्यलंच नाई, पाण्याकडं पाह्यलं अन् म्हणलं, "एवढा एक वाफा भरू दे."

वयनीनं कोट परत फांदीले टांगला. चपला काढल्या, चिंचेखाली जोडून ठेवल्या. नवं हिरवं लुगडं खोचलं. गुलाबसिंगाचं खुरपं पडलं होतं ते घेतलं अन् पाण्यात उतरली. दोघांच्या हातानं लवकर आटपन, म्हणून. हा फोडे, ते बांधे. हा फोडे, ते बांधे. लोक जमले पाहाले! एक बाबूसाहेब आपल्या लेकराले दाखवून राह्यला, पाहा, गावाकडं अशी शेती करतात. नागपूर पाहाले गेले, अन् नागपूर ह्यांले पाहू लागलं.

चारचा टोला पडला. नाटकाची घंटा झाली, ते बी ऐकू आली. मंग पेटी. तेच, कारंज्यासारखं. वारा थेटराकडून होता. वयनी खाली वाकूनच होती म्हणे, पाळ बांधून राह्यली होती, अन् पुंजाजीले वाटलं का ते थांबली. थांबली नाई. बांधतच राह्यली.

साडेसहा वाजून गेल्यावर आले गुलाबसिंग महाराज, डोळे चोळत. म्हणते, "अरे, सब कर दिया? भगवान भला करे." चावी फिरवली. पाणी बंद. एका फेऱ्यात! कोट ओढून, चपला सरकवून हे दोघं पळत सुटले, रस्त्यात वयनीची एक चप्पल निसटली तर ते थांबली नाई. दाराशी रामकिसन, तोंड एवढंसं झालेलं. दरवान म्हणे, "अहो, हे पाय घेऊन आत? खाली सतरंजी अंथरलीय." तर पाय धुवा. पाय धुतले, चिखल काई जाईना. कसेतरी मागच्या भिंतीले उभं केलं दोघांले. अंधार, माणसावर माणूस, पुढं मोठ्ठा उजेड, अन् उजेडात एक बाई निजलेली, पांढऱ्या लुगड्यात, अन् एक माणूस तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला. तो काईतरी एक शब्द बोलला. एकच. अन् पडदा खाली आला.

सारं थेटर रडून राह्यलं, तुमाले सांगतो! बाप्ये रडून राह्यले, उपरण्यानं डोळे पुसून राह्यले, आडपडद्यामागं बायाइचे हुंदके. वयनी इकडं पाहे, तिकडं पाहे. पुंजाजीचा हात धरून हळूच इचारते, "अवो, लोक काहून रडून राह्यले?" आता हा काय सांगन? ह्याले फुलकोबीचं माहीत! लोक उठले, निघाले. वयनी पडद्याकडं पाहत उभी. म्हणे, "पुन्हा वर जाईन का?" पुंजाजी म्हणे, नाई. मंग म्हणे, चला.

जिलबीचा पुडा? सांगा आता कोणाच्या लक्षात राह्यते! गाडीत बसल्यावर याद आली पुंजाजीले. सारा रस्ता वयनी खिडकीबाहेर पाहत होती. मूर्तिजापूर आलं तवा एवढंच म्हणे, "त्या बाईले काय झालं होतं असन?" पुंजाजीनं तोंड उघडलं, म्हणाले लागला, "पुढच्या सा…" जिंदगीत पहिल्यांदा ते बोलणं अर्धं राह्यलं त्याचं.

घरी आल्यावर काय! साऱ्या आळीच्या बाया धावल्या. रुख्मिणी नागपूरचं नाटक पाहून आली, सांग, सांग काय होतं. आता हे सांगाले पायजे होतं का नाई, बाप्पा, नाई पाह्यलं म्हणून? पण नवऱ्याची फजिती चारचौघीत कशी सांगन? तिनं सांगाले सुरवात केली. मनचंच! म्हणे, एक राजा होता, त्याची एक राणी होती. राजा चांगला, मारत नाई, शिवी देत नाई, पण त्याचं एकच. राणी म्हणे, या, बसा, दोन गोष्टी बोला, तर राजा म्हणे, एवढी एक लढाई जिंकू दे. राणी वेशीपाशी उभी राहे. राजा साऱ्या लढाया जिंके. अन् मंग सारं जिंकून आला तर राणी निजलेली. तो पायाशी बसला अन् म्हणे, आलो. बस. पडदा.

तुमाले सांगतो, बाया रडल्या! थेटरात रडले नसतीन एवढ्या रडल्या. पुन्हा सांग म्हणे. हप्त्यातून दोनदा आमच्या इहिरीवर खेळ सुरू झाला तिचा, माही हौसाबाई तर धुणं नसलं तरी धुणं घेऊन जाये. अन् बाजूच्या वाफ्यात पुंजाजी उभा, कुदळ घेऊन. ऐके. मी बांधावरून पाहो. एके दिवशी त्याचा वाफा फुटला तरी त्याले समजलं नाई. मी आवाज दिला तर म्हणते, "जानराव, त्या राजाले आधी कोणी सांगतलं काऊन नसन रे?" म्या म्हणलं, "सांगतलं असन. ऐकाले पायजे ना."

अशी पाच-सहा वर्सं गेली. मागच्या हप्त्यात रामकिसनचं कार्ड आलं, तेच कंपनी आली नागपूरले, तोच खेळ. पुंजाजी घरी गेला, दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला, अन् भर दुपारी मळ्यात आला. वयनी पाणी ओलून राह्यली होती. तो म्हणे, चाल, बांधाबांध कर, नागपूरले जाऊ. अन् वयनीनं वर नाई पाह्यलं. म्हणे, "एवढा वाफा भरू द्या."

पुंजाजी बांधावर बसला. धुतल्या धोतरानं. वाट पाहाले लागला. अन् माह्या वावरात पाणी आलं! मी पळत गेलो, घाट्यावर आलेला हरभरा, त्याले पाणी म्हणजे इख. ओरडत गेलो अन् पाहतो तर काय, वाफा कवाचा भरला, तुडुंब भरला, पाळीवरून पाणी वाहून राह्यलं, अन् वयनी कुदळ घेऊन तशीच उभी. तोंड बांधत नाई, दुसरं फोडत नाई. जिनं सोळा अधिक सहा, बावीस वर्सं पाणी ओललं, तिले काय वाफा भरलेला समजत नाई? म्या पुंजाजीले म्हणलं, "अबे, माहा हरभरा गेला, उठ!" तो म्हणे, "बोलू नोको जानराव. तिचा वाफा हाय. तिले वाटन तवा भरन."

मी बी बसलो त्याच्या बाजूनं. दोघं बसलो, हरभऱ्यात पाणी जाऊन राह्यलं, पाहत बसलो. लई येळानं पुंजाजी उठला, धोतरासकट पाण्यात गेला, तिच्या हातची कुदळ घेतली. म्हणे, "सोड. आता मी भरतो. तू जा." वयनी म्हणे, अन् तुमी? तर म्हणते, "मी संगं असलो का तुह्या नशिबी खेळ नाई. मी मले वळखतो. रस्त्यात कुठी ना कुठी पाणी दिसनच." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "जानराव, तू नेजो. जिलबी खाऊ घालजो. अन् सुरवातीपासून दाखवजो."

म्हणून मी अठी, तुमच्यापाशी बसून राह्यलो. ते काठाचे डाग त्याच दिवशीचे, नागपूरच्या मातीचे, किती धुतले तरी निघत नाईत. म्या म्हणलं वयनी, दुसरं नेसा. तर म्हणे, नाई, ह्या लुगड्याचं राह्यलं हाय पाहाचं.

हो, हो, आलो ना वं! ऐकू येते मले शिट्टी, ते मालगाडीची… काय म्हणता? मालगाडी नाई? तुमाले अजून एकच सांगतो, खेळाची तिकिटं रामकिसननं पाठवली ना, ते अन् गाडीची बी हौसाबाईनं आपल्या बटव्यात ठेवली, माह्याकडं नाई देली, म्हणे तुमचा भरवसा नाई, तुमाले बोलाले कोणी भेटलं का… अरे, अरे! थांबा! हौसाऽऽ! …ट्रंक घेतली त्यांनी, तिनंच उचलली, पाहा ना, वयनीले हात देऊन वर घेतली… अवो मास्तर! …आता कुठी पळू, ह्या गुडघ्यानं?

गेली.

हात बी हलवला हौसाबाईनं. वयनी खिडकीपाशी बसली, पुढं पाहून राह्यली. जाऊ द्या. मूर्तिजापूरले गाडी बदलाची त्यांले समजते, नागपूरले रामकिसन येईन. दोघी सुरवातीपासून पाह्यतीन. बरंच झालं म्हणा, मी असतो तर कोणाशी ना कोणाशी बोलतच बसलो असतो. चाला, निघतो मी. पुंजाजी इचारन, तू कसा काय परत आला? त्याले काई सांगाचं काम नाई, त्याले समजते. मळ्यात दुसरी कुदळ रिकामीच असन.